पहिला शब्द आईचा

ईस्टरच्या आधीचा दुसरा रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई आता भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते. बोलणं मात्र जिथल्या तिथे. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिच्याकडे एकच शब्द उरला आहे, पाणी. खिडकी पाणी, चमचा पाणी, मीही पाणी. ज्या टेबलावर तिने मला शाळेआधी अक्षरं गिरवायला लावली, तिथेच मी तिच्यासमोर वस्तू धरून बसते.

तिचा बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी बजावलं आहे, एकही दिवस बोलल्याशिवाय जाऊ देऊ नका, आहे तेही जाईल. आणि आपलं मौन तोंडावर आलं आहे. पणजीचा नियम तुला माहीत आहेच: ईस्टरआधीच्या शुक्रवारी दुपारपासून घरात अक्षर नाही. ईस्टरच्या पहाटे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने ‘प्रभू उठला आहे’ म्हणायचं, मगच बाकीच्यांनी ‘खरोखर उठला आहे’ म्हणून तोंड उघडायचं. आता घरात सर्वांत मोठी म्हणजे आईच. यंदा राहू दे म्हटलं, तर तिने ताट सरकवून दिलं.

मी काय करू? नियम पाळला तर तिची वाचा जाईल, मोडला तर तिचं मन. तू ये.

लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटी


त्यानंतरचा शुक्रवार

चि. शिस्तमास्तर,
अनेक आशीर्वाद.

रजा नाही. बॉयलरवरचा माझा जोडीदार हात भाजून घरी बसला आहे. साहेबांना दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली नाही.

लहानपणी मौनात उचकी लागली तर पाप लागेल म्हणून तू उशीत तोंड खुपसायचीस. अजून तशीच आहेस. आई बोलली नाही तर तू जन्मभर मुकी राहणार का? पणजी वरून बघायला येत नाही. ते वाक्य तूच म्हणून मोकळी हो. रात्रपाळी संपली की ईस्टरच्या सकाळी फोन करतो. उचल म्हणजे झालं.

आईला नमस्कार. माझ्यावर रागाव, पण फार नको.
दादा


ईस्टर, सकाळ

ती. दादास,
सा. न.

बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. पहाटे टेबल आजी मांडायची तसंच मांडलं. मेणबत्ती, कांद्याच्या सालीत उकडून तांबूस केलेली अंडी. आईने ओठ जुळवले. काहीच आलं नाही. दोन दिवसांत ‘पाणी’ हा शब्दसुद्धा गेला, दादा.

टेबलाची कड धरून ती जोर करत होती, कपाळ घामाने भिजलं. मला बघवेना. मी म्हणायला तोंड उघडलं, तर तिने डाव्या हाताने ते दाबून धरलं. आता चांगलं उजाडलं आहे. आम्ही दोघी तशाच बसलो आहोत. शेजारच्या काकू दार वाजवून परत गेल्या.

फोन वाजतो आहे. तूच असशील. उचलून काय करू, बोलू कशी?

थांबला. नियम पाळता पाळता मी तिची वाचा घालवली. आता हे कोणाला सांगू?

पुन्हा वाजतो आहे. आई फोनकडे बोट दाखवते आहे. उचलते आणि तिच्या कानाला लावते.


सोमवार

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

फोन उचलला गेला, पण पलीकडून कोणी बोलेना. हाक मारली. नुसता श्वास. तो आईचा आहे हे ओळखायला मला वेळ लागला, याची लाज वाटते.

मग काही सुचेना म्हणून मीच बोलून गेलो, बॉयलरच्या आवाजावर ओरडून. ‘प्रभू उठला आहे.’ मौनाची थट्टा करणारा मी, आणि आईच्या आधी.

फोन ठेवणार होतो. तेवढ्यात आई म्हणाली, ‘खरोखर.’

पुढचं आलं नाही. मला तुझं रडणं ऐकू आलं आणि लाइन तुटली. बाईंना सांग, तिला सुरुवात करता येत नाही, पण उत्तर देता येतंय. नियम मी मोडला आहे, तू नाही. पणजीला जाब मी देईन.

यापुढे रोज सकाळी फोन करीन आणि रोज तेच म्हणेन. तू उचल, बोलू नकोस, तिच्या कानाला लाव.

अंडी माझ्यासाठी ठेवू नकोस, नासतील. माया ठेव.
दादा