उरलेली अर्धी

अरे बाळ्या,

पत्ता न देता गेलास, तेव्हा हे पत्र माझ्या उशीखालीच राहणार. पण पोटात राहत नाही म्हणून लिहिते.

बाबांशी भांडून तू गेलास, तरी आईची जपमाळ चुकलेली नाही. प्रत्येक मण्याला ती 'नमो मारिया'ची अर्धी प्रार्थना म्हणते आणि उरलेल्या अर्धीसाठी थांबते. ती अर्धी तुझी ना! खेळायला पळायच्या घाईत तू ती एका दमात उरकायचास. आई अजूनही तेवढीच थांबते. मी म्हणून पाहिलं, तर माझं शेवटचं 'आमेन' यायच्या आत हिचा पुढचा मणी सुरू!

"आई, जरा दम धर की!"

"ती जागा तुझी नाही," म्हणाली. घ्या!

काल मात्र ती बराच वेळ थांबली. मला वाटलं, डुलकी लागली. हलवायला गेले, तर डोळे मिटूनच म्हणाली, "थांब गं. आता मोठा झालाय तो. सावकाश म्हणत असेल."

तेवढ्यात पेपरामागून बाबांचा घोगरा आवाज आला, "आमेन."

अजून रागावलेली,
तुझी ताई