महाराणीला ताप

२ डिसेंबर
नवरा शिंकला! चहा घेताना, अगदी माझ्या तोंडासमोर. मी कप घेऊन थेट बाल्कनीत. "अगं, ठसका होता," म्हणे. असेल. तरी आजपासून हॉलमध्ये झोपायचं, सांगून टाकलं.

नाटक तोंडावर आलंय. माझं काम बदलीचं — महाराणी आजारी पडली तरच मी महाराणी. महाराणी म्हणजे माझ्या जाऊबाई, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. कितीतरी नाटकं झाली, मी आपली विंगेत उभी राहून ओठ हलवतेय. बाईंना साधं पडसं होत नाही!

यंदा मात्र घरोघरी सर्दी आहे. यंदा नाही तर कधीच नाही. मी ठणठणीत राहायचं, बस्स.

५ डिसेंबर
कच्चा लसूण सुरू केला. पोस्टात माझ्या खिडकीशी लोक पाकीट ठेवतात आणि मागे सरकतात. नवरा म्हणाला, "विषाणूच काय, मीसुद्धा फिरकणार नाही आता." उत्तम!

६ डिसेंबर
दाराची कडी कोपराने उघडायला शिकले. कोपर सोलवटलं.

८ डिसेंबर
तालीम. दिग्दर्शक (दिवसा दातांचे डॉक्टर) मास्क लावून ओरडत होते, कुणाला काही कळत नव्हतं. सेनापतीने ऐन लढाईत तलवार टाकून रुमाल काढला. राजवैद्य तापाने घरी. प्रधानाचा घसा बसलेला — आणि जाऊबाई चक्क त्याच्याच बाटलीतून पाणी प्यायल्या!

"जाऊबाई, जपा हो," मी म्हटलं. मनात म्हटलं, पिऊ देत. शी! किती नीच आहे मी. घरी येऊन जरा जास्तच वेळ वाफ घेतली.

९ डिसेंबर
जाऊबाई टुणटुणीत.

१० डिसेंबर
अजूनही.

१२ डिसेंबर
वेळ वाचावा म्हणून गुळण्या करता करताच महाराणीचे संवाद म्हणत होते. खालून जाऊबाईंचा फोन. "अगं, तुमच्या मोरीत कोण सिंहासनासाठी रडतंय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सहज हो," म्हटलं.

"सहज? सगळं पाठ आहे की तुझं!" आणि फोन ठेवून दिला. रागावल्या बहुतेक.

१५ डिसेंबर
उद्या प्रयोग. संध्याकाळी दिग्दर्शकांचा फोन — "तुमच्या जाऊबाईंना ताप भरलाय, आवाज पार गेलाय. उद्या तुम्ही." मी उडीच मारली! नवऱ्याला मिठी मारायला धावले, मग आठवलं, लांबूनच हात हलवला.

मग वाईट वाटायला लागलं. खाली गेले. जाऊबाईंनी दार उघडलंच नाही, आतून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "लांब राहा बाई, तुला लागण होईल. जा, झोप लवकर." एवढ्या तापातही माझी काळजी! आणि मी त्यांना आजार व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली. भयंकर लाज वाटते आहे. आणि भयंकर आनंदही होतो आहे. काय करू?

१६ डिसेंबर
झाला! प्रयोग झाला! पहिलं वाक्य अडखळलं, पुढे कुठली भीती नि कुठलं काय. सेनापती मेल्यावर खोकला, त्यालाही टाळ्या. माझ्या नाकाने शेवटपर्यंत साथ दिली. झोप येणं शक्य नाही.

१७ डिसेंबर
जाऊबाईंसाठी गरम सूप घेऊन खाली गेले. त्यांनी दार उघडलं — हातात आईस्क्रीमची वाटी! आवाज खणखणीत. "छान केलंस गं. फक्त पूर्ण पहिल्या अंकात शाल उलटी होती तुझी."

शाल उलटी? मलाच माहीत नव्हतं! "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? शेवटच्या रांगेत बसले होते की, मफलर गुंडाळून."

तिथेच दारात रडू फुटलं. मिठीच मारली त्यांना, लसणाच्या वासासकट.

परवा दुसरा प्रयोग आहे. जाऊबाईंचा ताप म्हणे अजून उतरलेला नाही.