बाहेरून कुलूप

बुधवार, २ एप्रिल
जळगावला आले! चोपड्याच्या स्टँडवर बाबांनी ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगितलं, दिलवरसिंगची पोर शहरात नोकरीला चालली. मला लाज वाटली, पण आतून बरंही वाटलं. तापीचा पूल ओलांडला आणि वाटलं, आता आपण मोठ्या झालो.

मालकीण हेमांगीताई बँकेत आहेत, त्यांचे यजमान हितेंद्रभाऊ ठिबकचे पाइप विकतात. त्यांची रेवा, जिला मी सांभाळायचं, सव्वा वर्षाची. पहिल्याच भेटीत तिनं माझी वेणी ओढली आणि खुदखुदली. घर तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. मला रेवाच्याच खोलीत पलंग, खिडकीत कूलर. पलंगावर झोपायची सवय नाही, खाली पडेन की काय असं वाटतंय.

जेवताना ताईंनी सांगितलं, माणूस कसं ठेवायचं यावरून दोघांत बरेच दिवस वाद चालला होता. भाऊंना काही तासांपुरती येणारी बेबीसिटर हवी होती. समोरच्या इमारतीतली दिपमाला, कॉलेजातली मुलगी, तयारही होती. ताईंना हवी होती घरातच राहणारी नॅनी. तासांवर येणारीचं लक्ष घड्याळाकडे असतं, घरातलीचं बाळाकडे, असं त्या म्हणाल्या. मला ते फार आवडलं.

आश्रमशाळेतल्या बाई म्हणायच्या, रोज थोडं लिहीत जा, मराठी पक्की राहते. म्हणून ही वही.

शनिवार, ५ एप्रिल
रेवा गुणी आहे. मऊ वरणभात खाते, अंघोळीला मात्र मासोळीसारखी निसटते. दुपारी ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र नवी. दोघं कामाला निघाले की बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप लावून जातात. भाऊ म्हणाले, काळजीपोटी करतो, शहरात कोण कधी घरात घुसेल सांगता येत नाही. माझा फोनही सकाळी ताई कपाटात ठेवतात, बाळाजवळ नको म्हणून. हॉलमध्ये कॅमेरा आहे, त्यातून त्या अधूनमधून बोलतात. आमच्या गावात घराला कडीसुद्धा नाही. शहराची रीत वेगळी असेल.

शुक्रवार, ११ एप्रिल
रेवा बोलली! संध्याकाळी ताई आल्या तेव्हा त्यांच्याकडे बोट करून स्पष्ट म्हणाली, "पानी दे वं माय."

मी टाळ्या वाजवल्या. ताईंचा चेहरा मात्र पिठासारखा पांढरा झाला. हे तिला कुणी शिकवलं, असं त्यांनी मला तीनतीनदा विचारलं. मी म्हटलं, ही अहिराणी आहे ताई, आम्ही घरी पावरी बोलतो, मला अहिराणी नीट येतसुद्धा नाही. भाऊंनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल
दुपारी डोळा लागला होता. उठले तर रेवाच्या अंगावर ओलं फडकं. फडकं कसलं, जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, नुकताच पिळलेला. ती गार, शांत झोपलेली. असं लुगडं या घरात मी पाहिलेलं नाही.

कालही तसंच झालं होतं. काल वाटलं, ताईंनीच सकाळी ठेवलं असेल.

तेवढ्यात हॉलमधल्या कॅमेऱ्यातून ताई ओरडल्या. कॅमेऱ्याला रेवाच्या खोलीचं दार दिसतं. तिथून आत्ता कोण गेलं, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, मी झोपले होते. दोघं वेळेआधी घरी आले, आणि भाऊंनी ते लुगडं चिमट्यात धरून खाली नेऊन जाळलं.

शुक्रवार, २५ एप्रिल
आज दिपमाला आली. दोघं कामावर होते. ती जाळीपलीकडे जिन्यावर उभी, मी अलीकडे. किती दिवसांपासून यायचं होतं, धीर होत नव्हता म्हणाली.

माझ्याआधी इथे सुंदरबाई होती. धरणगावकडची, अहिराणी बोलणारी, म्हातारा भाऊ सोडला तर कुणी नसलेली. गेल्या मेमध्ये एक दिवस सकाळी वीज गेली ती रात्रीच आली. गच्चीवरची टाकी रिकामी. दोघांचे फोन लागत नव्हते, की त्यांनी उचलले नाहीत, देव जाणे. खालचे बिऱ्हाडकरू सुटीला गावी गेलेले. दाराला कुलूप. घरात होतं नव्हतं तेवढं पाणी तिनं बाळाच्या अंगावरचं लुगडं भिजवायला वापरलं. बाळ वाचलं. ती स्वयंपाकघरात खिडकीखाली मरून पडलेली सापडली. भाऊंनी तिला गाडीत घालून नेलं आणि सांगितलं, बसस्टँडवर उन्हात चक्कर येऊन पडली.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

दिपमालानं माझ्याकडे पाहिलं नाही. "तिला गाडीत घालताना मी पाहिलं, ताई रडत सगळं बडबडत होत्या. आणि त्याआधी दुपारी खिडकीतून ओलं लुगडं हलवत होती. मला वाटलं, वाळत घालतेय."

नंतर जवळजवळ वर्षभर ताई रजेवर होत्या. रजा संपताना भाऊंनी दिपमालाला विचारलं होतं. ती म्हणाली, येते, पण कुलूप लावायचं नाही. संध्याकाळी सहाला ती घरी पोचली नाही तर तिचे वडील विचारत येणार. म्हणून ती नको झाली. म्हणून मला आणलं. माझं विचारायला कोण येणार?

बुधवार, ३० एप्रिल
गावी जाते म्हटलं. भाऊ म्हणाले, दुसरी मिळेपर्यंत नाही. माझं आधारकार्ड त्यांच्याकडे आहे. फोन आता रात्रीही देत नाहीत. मी सुंदरबाईचं नाव घेतलं तर ताईंनी थोबाडीत मारली आणि मग स्वतःच रडत बसल्या.

कुलपं आता दोन आहेत.

शनिवार, ३ मे
वीज गेली. नळ कोरडा.

मी दार बडवलं. ओरडले. कुणी आलं नाही. रेवा मात्र खेळत होती, गार, जणू झाडाखाली बसली आहे. आणि ती एकटी खेळत नव्हती. चेंडू ढकलायची. स्वयंपाकघराच्या दारातून चेंडू परत यायचा.

मग कॅमेरा बोलला. वीज नसताना. ताईंचा आवाज नव्हता. घसा सुकलेल्या बाईचा होता.

"दार उघाड वं."

पुन्हा पुन्हा तेच. मी कान झाकले. डोळे उघडले तेव्हा शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. प्यायले. काय करणार, प्यायले.

सुंदरबाई माझ्यावर रागावलेली नाही. हे कळलं तेव्हा जास्त भीती वाटली.

गुरुवार, ८ मे
ताई झोपत नाहीत. पाण्याचे पेले भरून घरभर ठेवतात. सकाळी सगळे कोरडे. भाऊंच्या मनगटांवर वळ उठलेत, दार बडवून उठावेत तसे.

मी पिशवी भरून ठेवली आहे. रविवारी दोघं घरी असतात, कुलूप नसतं. तेव्हा —

रविवार, ११ मे
जिन्यात बसून लिहिते आहे.

दुपारी वीज गेली. पिशवी घेऊन बाहेर पडले तर रेवा रांगत माझ्यामागे जिन्यात आली. तिला उचललं, आणि मागे दार बंद झालं. दोन्ही कुलपं लागली. आपोआप. किल्ल्या माझ्या ओढणीच्या टोकाला बांधलेल्या. मी बांधल्या नव्हत्या.

ते आतून बडवताहेत.

उघडायला गेले. कुलपाला हात लावताच रेवाचं अंग तव्यासारखं तापलं, डोळे फिरले. मागे सरले — गार. पुन्हा गेले — पुन्हा तेच. खालच्या घराला कुलूप. रेवाला घेऊन जिना उतरू लागले तर पायच उचलेनात.

भाऊ आधी शिव्या देत होते, फोन लागत नाही म्हणून ओरडत होते. मग विनवण्या. आता फक्त ताईंचा आवाज आहे, दाराच्या फटीशी, अगदी खाली. पाणी मागताहेत. माझ्याकडे नाही. सुंदरबाई, चुकलं म्हणतात. सुंदरबाई, पाया पडते.

खरं लिहिते. ऐकताना मला बरं वाटलं. थोडा वेळ. त्याचीच आता भीती वाटते.

बडवणं मंद झालं आहे.

नाही. मला हे नको. रेवाला इथे पायरीवर ठेवते, धावत जाऊन उघडते. एक क्षण तापेल, सोसेल —

ठेवली. हसते आहे. माझ्या खांद्यावरून मागे बघून हात वर करते आहे.

कानाशी कोरडा श्वास —

"बस माय. आज त्यासनी पाळी शे. तू दार सोड, पोर मन्हाकडे —"

नाही, कुणाचीच पाळी नको, रेवाला खाली ठेव, सुंदरबाई, तिला खाली —