ऋतुजाचा उजवा कान

३ नोव्हेंबर, लातूर
भोकरहून सकाळी पोचले आणि लगेच रुजू झाले. मुरुड रस्त्यावरचं हे कानाचं रुग्णालय नवंकोरं आहे. खोलीच्या खिडकीतून हरभऱ्याचं रान दिसतं. आईला फोन केला. धम्मप्रिया सिस्टर बोलतेय म्हटल्यावर खूप हसली.

माझ्याकडे एकच पेशंट, ऋतुजा. सात वर्षांची, जन्मापासून बहिरी. तिच्या कानातल्या पेशींत एक जनुक बिघडलेलं आहे. डॉ. दयानंद यांनी छान समजावलं. विषाणूतला रोग काढून टाकायचा, त्यात चांगलं जनुक भरायचं आणि तो कानात सोडायचा. विषाणू म्हणजे टमटम, म्हणाले. सवारी उतरवली की काम संपलं. तो वाढत नाही, पसरत नाही.

५ नोव्हेंबर
आज उजव्या कानात औषध सोडलं. नंतर कानातून थोडं पाणी आलं, उशीचा अभ्रा मीच बदलला. ऋतुजाची आई, वर्षाराणी, सारखी विचारून राहिली, “सिस्टर, माझी हाक ऐकल ना ती?” मी हो म्हणून बसले.

२१ नोव्हेंबर
ऐकलं! वर्षाराणीनं मागून हाक मारली आणि पोरगी वळली. माय रडली, मीही रडले. आवाज कुठून निघतो ते बघायला ऋतुजा आईच्या ओठांना हात लावत होती.

२५ नोव्हेंबर
पोरगी जेवत नाही. स्वतःच्या चावण्याला दचकते. आईनं जवळ घेतलं की तिला ढकलते, तिच्या छातीकडे बोट दाखवून मूठ उघडझाप करते. वर्षाराणी म्हणाली, “माझं काळीज ऐकू येऊन राहिलंय तिला.” डॉक्टर हसले. मग त्यांनी डावा कान तपासला. त्यात औषध घातलंच नव्हतं. त्यालाही ऐकू येतं. पुढे ते हसले नाहीत.

२८ नोव्हेंबर
डोळे फिरवले की कागदावर कागद घासल्यासारखा आवाज येतो. बाहेरून नाही, माझ्याच डोक्यातून. डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, शक्यच नाही. मग म्हणाले, जरा हळू बोला. मी कुजबुजतच होते.

३० नोव्हेंबर
वर्षाराणीनंही कानांत कापूस कोंबलाय. मायलेकी खोलीच्या दोन टोकांना बसून असतात. पोरगी हात पुढे करते. माय अर्ध्यापर्यंत जाते, कान दाबून परत फिरते — डॉक्टर आले नाहीत. फोन बंद.

१ डिसेंबर
पळून आले. बसमध्ये माणसागणिक एक काळीज — अहमदपूरपर्यंत दात आवळून बसले. कुणाला शिवायचं नव्हतं. शेजारच्या बाईचं बाळ माझ्या मांडीवर झोपलं. मी — त्याला उचलून दिलं नाही. का नाही दिलं?

२ डिसेंबर, भोकर
आतून कडी लावली. आईला सांगितलं, लांब राहा, लागण झालीय मला. म्हणाली, “लहानपणी गोवर आला तवा कोन होतं गं जवळ?” ती दाराला टेकून बसली. भिंतीतून तिचं काळीज — धडधड —

मी कडी काढली. तिनं कवटाळलं. इतकं मोठं वाजत होतं, तरी सोडवेना.

१९ डिसेंबर
आईनं कोंबड्या देऊन टाकल्या. भांडी घासत नाही. विचारलं की मान हलवते, काही न्हाई म्हणून —

मी आतल्या खोलीत. दार बंद. अगदी हळू लिहून —

ती दाराशी आली. म्हणतेय, “पेन थांबव माय, लई वाजून राह—