दारेव म्हणजे काय

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. वहिनीची कंबर आता बरी आहे हे वाचून आईला हायसं वाटलं. इकडे थंडी फार आहे. बाबांच्या खोलीतल्या खिडकीची फट मी कागद कोंबून बुजवली. आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते.

बाबांना परवा दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरीच बरं." पुढे मी काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

ते दिवसभर तुला हाका मारतात.

नाव बदलायचा अर्ज करणार आहेस आणि त्याआधी एकदा त्याचा अर्थ कळावा, असं तू लिहिलंयस. "औषधाच्या गोळीला शोभेल असं नाव" हे वाचून हसले मी. शाळेतली पोरं "दारेव, दार लाव" म्हणून तुला रडवायची, तेही आठवलं. आणि तुझं जुनं गाऱ्हाणं. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी एकदाही त्या नावाने हाक मारली नाही. जेवायला बोलवायचं तरी बाबा उठून तुझ्यापाशी यायचे, खांद्याला हात लावायचे. तू म्हणायचास, "माझं नाव घ्यायची यांना लाज वाटते."

काल मी आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अर्थ मला काय ठाऊक! ज्याचं होतं त्याला विचारायला हवा होता."

"कुणाचं होतं?"

तिने घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली. मग सांगितलं.

तुझ्या जन्माआधी बाबा गोदीत क्रेन चालवायचे. खाली लोखंडी तुळयांना साखळी अडकवायला एक परका माणूस होता, दारेव. कुठला, घरी कोण, कुणाला माहीत नव्हतं. डबा खायला दोघं एकाच फळीवर बसायचे. तो बाबांची चेष्टा करायचा, "वर बसून देव झालात, ड्रायव्हरसाहेब. अधूनमधून खाली बघत जा." एका सकाळी तुळई साखळीतून निसटायला लागली आणि तिच्या खाली तो पाठमोरा उभा होता. बाबांच्या हाताशी भोंगा होता. तो दाबायचा, एवढंच. पण त्यांच्या तोंडून त्याचं नाव निघालं. थंडी म्हणून केबिनची काच बंद होती. हाक आतच राहिली.

त्याचा देह न्यायलाही कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी तू झालास. आई म्हणाली, "मी नको नको म्हणत होते. हे म्हणाले, कुणाच्या तरी घरात नाव राहू दे त्याचं. ठेवलं, आणि मग यांच्याच जिभेवर येईना."

दादा, वर मी लिहिलंय की ते तुला हाका मारतात. ते खरं नाही. तेवढंच लिहून पाकीट बंद करावं, म्हणजे तू धावत येशील, असं सकाळपासून मनात होतं. पण मला लिहायला घरी तूच शिकवलंस, आणि चुकलेलं गिरवून झाकायचं नाही हेही तूच. म्हणून ती ओळ तशीच ठेवली आहे. ते ओरडतात, "दारेव! बाजूला हो!" डोळे छताकडे, हात अंथरुणावर काहीतरी चाचपडत असतो. मग गप्प होतात, कान देतात, आणि पुन्हा तेच. घसा पार बसलाय.

काल मी आवाज जाड करून म्हणून पाहिलं, "झालो बाजूला."

लगेच ओळखलं त्यांनी. म्हणाले, "तू मध्ये येऊ नकोस, बाळ. खाली माणूस आहे."

ती हाक तुझी नाही, हे आता तुला कळलं. तरी ये. अर्ज नंतर कर, मी अडवणार नाही. फक्त एकदा त्यांच्या दाराशी उभा राहा, आणि त्यांनी हाक मारली की तुझ्या आवाजात एवढंच म्हण. झालो बाजूला.

हे खोटं बोलणं आहे. तुला खोटं लिहवलं नाही मला, आणि तुलाच मात्र खोटं बोलायला सांगते आहे. त्याचा दोष माझ्याकडे राहू दे.

खिडकीतले कागद मी आज काढून टाकले आणि काच उघडली. आई थंडी थंडी करते. करू दे.

पायरीवर तुझी वाट बघत,
तुझी धाकटी