वरच्या खोलीतली पावलं

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खोकला गेला, नवीन चष्मा आला, तो नाकावरून घसरतो.

भावोजींचं पत्र मिळालं. दुपारी वरच्या बंद खोलीत कुणी चालतं असं तू म्हणतेस आणि वर कुणीच नसतं, असं त्यांनी लिहिलंय. फार समजूतदार पत्र आहे, एक शब्द चढा नाही. लहानपणीही तुला असे भास व्हायचे का, हे डॉक्टरांना लेखी हवंय म्हणे. गच्चीवरच्या टाकीत कुणी रडतंय असं तू म्हणायचीस, ते मला आठवलं. मी तसं लिहिलं. तीनदा कच्चं केलं, अडलेले शब्द कोशात पाहिले, मग सही करून पाठवलं.

रागावू नकोस. सिनेमांना पावलांचे आवाज देणं हे माझं काम, आणि वर्षभरातला हा सहावा भीतीचा सिनेमा. दर वेळी तेच असतं: घरात एकटी बाई, वर पावलं, शांत बोलणारा नवरा, हळूच मान हलवणारा डॉक्टर, आणि शेवटी कळतं की सगळं तिच्याच डोक्यात होतं. ती पावलं मीच लाकडी फळीवर वाजवतो. मला नाही कळणार तर कुणाला? गोळ्या वेळेवर घे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
टिल्लू


ता. ११ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

रीत आहे म्हणून दिले. मनातल्या मनात तुझा कान चांगला पिळलाय.

अरे शहाण्या, त्या रिकाम्या टाकीत मांजर व्यालं होतं! बाबांनी पिल्लं टोपलीत घालून खाली आणली. तू चार वर्षांचा होतास. एका पिल्लानं बोचकारलं म्हणून तू सगळी गल्ली डोक्यावर घेतली होतीस. ते बरं विसरलास आणि माझं रडणं ऐकणं तेवढं लक्षात ठेवलंस.

डॉक्टरांनी तुझं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं. सख्खा भाऊच म्हणतोय, आता आम्ही काय बोलायचं, असं म्हणाले. भावोजी तुझे मान खाली घालून बसले होते. २७ तारखेला शेवटची तपासणी, आणि २८ला मला तीन महिन्यांसाठी विश्रांतीगृहात पाठवणार. विश्रांती! तिथे दाराला आतून कडी नसते, हे मी विचारून घेतलंय.

गोळ्यांनी हात जड होतात. बारा वर्षं पडदे शिवतेय, परवा पहिल्यांदा शिवण वाकडी गेली. म्हणून कालपासून गोळ्या कुंडीत टाकतेय. रोप पेंगायला लागलंय. फोन करावा तर हे समोर येऊन बसतात, तेव्हा पत्रच लिही, मी पडदे शिवून देते त्या दुकानाच्या पत्त्यावर.

मला वेडी ठरवलंस तरी माया आहेच, काय करू!
तुझी,
ताई


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोचकारल्याचा वण अजून मनगटावर आहे आणि मी तो रोज पाहतो. तुझ्याकडे यायला स्टुडिओतल्या मास्तरांकडे रजा मागितली. सिनेमा हातावेगळा होईपर्यंत नाव काढू नकोस म्हणाले.

एक काम कर. स्टुडिओत आम्ही आवाजांचा तक्ता भरतो. किती वाजता, कशा जमिनीवर, पायात काय, पावलं किती, कुठला पाय जड. तसाच तूही भर. भीती वाटली असं लिहू नकोस, आमच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

क्षमा मागायचं धाडस नाही, तरी लोभ मागतो.
टिल्लू


ता. २० फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

घे तुझा तक्ता. शिवणयंत्र थांबवून, खुर्चीवर उभं राहून ऐकलंय. शेजारीण खिडकीतून बघत होती. तिला वाटलं मी जळमटं काढतेय.

सोमवार, एक वाजून दहा मिनिटं. फरशी. चामडी बूट. अकरा पावलं, डावा पाय किंचित घासतो. मग खुर्ची ओढली.

बुधवार, एक वीस. सकाळपासून पाऊस होता. बूट ओले, पावलागणिक पचपच. नऊच पावलं.

गुरुवार, एक पाच. बूट काढून ठेवले, आधी एक, मग दुसरा. त्यानंतर मोज्यांतली पावलं, मोजता आली नाहीत. एक शिंक.

यांना विचारलं तर वरच्या खोलीची किल्ली कधीच हरवलीय म्हणतात. बोल आता.

तुझी,
ताई


ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तक्ता सात वेळा वाचला. ताई, वर माणूस आहे. शपथेवर सांगतो.

आम्ही खोटी पावलं करतो ना, ती सगळी एकसारखी असतात. पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत एकच जोडा, एकच अंतर. बाहेर धो धो पाऊस दाखवतात आणि वरची पावलं कोरडी ठणठणीत. मी एकदा बोललो, तर मास्तर म्हणाले की बाईच्या डोक्यातलं भूत आहे, ते कशाला भिजेल? तेच तर! भासाला पावसात भिजून यायला कोण सांगतं? आणि भिजून आलाय म्हणजे तो बाहेरून येतो. तुमच्या मागच्या अंगाला लोखंडी जिना आहे ना?

डॉक्टरांना आजच लिहिलं: माझं आधीचं पत्र चुकीचं आहे, टाकीत मांजर होतं, माझ्या बहिणीला जे असतं तेच ऐकू येतं. खाली पूर्ण सही केली, तक्त्याची नक्कल जोडली.

आमच्या सिनेमात बाई जिना चढते ती अनवाणी, श्वास रोखून, हाक मारायची तर तीही कुजबुजत. तू तसलं काही करू नकोस. भर दुपारी जा, शेजारणीला घेऊन, पायात बूट घालून, दणादण. घाबरायचंच असेल तर वरच्याला घाबरू दे.

लोभ राखून ठेव.
टिल्लू


ता. २७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
पोटभर आशीर्वाद.

मंगळवारी गेले. शेजारणीनं लाटणं घेतलं होतं, मी कात्री. इतकी दाणदाण चढलो की जिना थरथरला. दार आतून लावलेलं. उघड, नाहीतर गल्ली गोळा करते, असं मी ओरडले.

दार तुझ्या भावोजींनीच उघडलं. मोज्यांवर होते. मीच सकाळी भरून दिलेला डबा अर्धा खाल्लेला, शेजारी वर्तमानपत्र, त्यात नोकरीच्या जाहिरातींवर खुणा. नोकरी जाऊन चार महिने झालेत. रोज नवाला निघायचं, भटकायचं, आणि दुपारी माझं यंत्र घरघरू लागलं की मागून वर यायचं. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा, वर कुणी नाही, असं तोंडून निघून गेलं म्हणे. मग मागे फिरता येईना. रडले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आपली नोकरी गेली हे सांगण्यापेक्षा बायकोचं डोकं गेलं हे सांगणं या माणसाला सोपं वाटलं, टिल्लू. मला कडी नसलेल्या खोलीत पाठवायला निघाला होता. हे मी गिळणार नाही.

आज तपासणीला मीच त्यांना घेऊन गेले. सगळं त्यांच्याच तोंडून वदवलं. इतकं पुटपुटत होते की डॉक्टरांना ऐकू जाईना. मी म्हटलं, मोठ्यानं. पुन्हा मोठ्यानं. डॉक्टरांपुढे तुझं दुसरं पत्रही होतं. त्यांनी विश्रांतीगृहाचा कागद फाडला. मी तुकडे मागून घेतले.

सध्या हे वरच राहतात. माफी मागतात, मी अजून दिलेली नाही. देईन की नाही ते माझं मी ठरवीन, डॉक्टर नाही आणि तूही नाही.

निघताना डॉक्टरांनी जरा ओशाळून विचारलं, आता काही ऐकू येतं का? मी म्हटलं, येतं. सगळं ऐकू येतं.

माया होती तशीच,
तुझी ताई