हळदकुंकवाचा फोटो

साकेत,

मी वागळे इस्टेटला चालले आहे, आपण ज्यांची गाडी भाड्याने घेतली होती त्या सुर्व्यांकडे. पुढचा दिवा मी फोडला, तो खर्च मान्यच आहे. मागच्या दारावरचा पोचा मात्र आधीचा आहे, असं मी त्यांना परवा लेखी कळवलं. तूच तसं म्हणाला होतास.

पुरावा हवा म्हणून काल फोटो मोठा करून पाहिला. भाड्याची असली तरी दारात आलेली गाडी म्हणून आई तिला हळदकुंकू लावत होत्या, तेव्हाचा. त्यात मागचं दार स्वच्छ आहे. म्हणजे पोचा आपल्याकडेच पडला. रविवारी माझ्या हातून गाडी फक्त समोरून आपटली. शनिवारी तू एकटाच ती घेऊन कल्याणला गेला होतास. निदान तसं सांगून गेला होतास.

मी तक्रार मागे घेते आहे. पोचा कसा पडला ते सुर्वे विचारतील आणि ते मला माहीत नाही. अकराच्या आत फोन कर.

भिजवलेली मटकी उपसून फडक्यात बांध. आईंना काही सांगितलेलं नाही. त्या अजून सुर्व्यांनाच लबाड म्हणताहेत आणि मी ऐकून घेते आहे.

वृंदा